मर्ग नंबर पडला त्यानंतर

पुन्हा थंडी पडली आहे आणि फोनवर फार्महाऊसवरच्या हुरडा पार्ट्यांचे फोटो येऊ लागले आहेत. गेल्या हिवाळ्यात आमच्याही घराण्याचा असाच मेळावा झाला आणि त्यात माझे मोठे काका गेले. ते कशाने गेले हे कळेपर्यंत पावसाळा आला. मधल्या महिन्यांत कागद कुठून कुठे जातो, कोणत्या टेबलावर अडतो, कोणाला काय विचारायचं, हे सांगणारं आम्हाला कोणी भेटलं नाही. मोठ्या काकू आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, यांना विचारून हे लिहिते आहे. नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

शनिवार, ४ जानेवारी २०२५. काटोल रोडवरचं एक फार्महाऊस आम्ही वर्गणी काढून घेतलं होतं, दोन दिवसांचे अठरा हजार. हैदराबादहून दादा-वहिनी, वर्ध्याहून आत्या, अमरावतीहून मधले काका, पुण्याची भावंडं आणि आम्ही नागपूरचे. दुपारी हुरडा, रात्री वरण-रोडगे आणि वांग्याची भाजी, पोरांसाठी बाहेरून सावजी मटण. जेवणानंतर शेकोटीभोवती बसलो आणि व्हायचं तेच झालं, गावच्या शेतीचा विषय निघाला. सातबाऱ्यावर नावं तिघा भावांची, कसतात मधले काका, आणि मोठ्या काकांना वाटणी करून मोकळं व्हायचं होतं. आवाज चढले. मधले काका उठता उठता म्हणाले, "आता पाहूनच घेतो मी." घरातल्या भांडणात असं वाक्य कितीदा तरी येऊन जातं. त्या रात्रीनंतर मात्र ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मोठ्या काकांना पहाटे अंगाला तेल लावून कढत पाण्याने निवांत आंघोळ करायची सवय. रविवारी काकूंना जाग आली तेव्हा बाथरूममध्ये पाणी सुरू होतं आणि कडी आतून होती. बराच वेळ झाला, हाकेला ओ येईना. दादा आणि मधले काका, दोघांनी खांदा लावून दार तोडलं. काका खाली पडलेले, गिझर सुरूच, डाव्या भुवईवर खोक.

रस्त्यातल्या एका खाजगी दवाखान्याने दारातच नाडी पाहिली आणि मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, न्यायला सांगितलं. मेडिकलच्या अपघात विभागात ईसीजीची सरळ रेघ निघाली. आणल्यावेळीच मृत. काकू पदराने काकांचे पाय पुसत होत्या, तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की बॉडी आत्ता देता येणार नाही, पोलीस केस होईल.

इथे थोडं थांबून सांगते. त्या टेबलावर डॉक्टर नातेवाइकांना काय घडलं ते विचारतात आणि लिहून घेतात. तेच पुढे पोलिसांच्या कागदात, पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) फॉर्ममध्ये, सगळीकडे उतरत जातं. आत्या रडत रडत सांगत होती, "रात्री दोघा भावांचं भांडण झालं हो!" दादाने तिला बाजूला बसवलं आणि सांगितलं ते एवढंच: बाथरूममध्ये पडलेले सापडले, कडी आतून होती, दार आम्ही तोडलं, भुवईला मार आहे, शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू होत्या. भांडणाचं त्याने पोलिसांपासून लपवलं नाही, जबाबाच्या वेळी सांगितलंच. पण डॉक्टरला हवं असतं ते डोळ्यांनी पाहिलेलं. बाप गेल्यावर तासाभराच्या आत त्याला हे सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मेडिकलमधल्या पोलीस चौकीने शून्याने मर्ग दाखल केला. म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद इथे झाली, पण घटना ग्रामीण हद्दीतली म्हणून कागद तिकडच्या ठाण्याला गेले आणि खरा मर्ग नंबर तिथे पडला. तो नंबर, तारीख आणि तपास करणाऱ्या जमादाराचं नाव त्याच दिवशी लिहून घ्या. पुढे जिथे जाल तिथे पहिला प्रश्न तोच येतो. एफआयआर आणि मर्ग वेगळे. मर्गात आरोपी नसतो, मृत्यू कसा झाला याची चौकशी असते. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, जुन्या लोकांच्या तोंडी अजून जुन्या कायद्यातलं १७४ च आहे.

शवागाराबाहेर दोन पंच बोलावून पोलिसांनी मरणोत्तर पंचनामा केला. अंगावर काय कपडे, कुठे खूण, अंगठी, करगोटा, सगळं लिहिलं. दागिने घरच्यांकडे पावतीवर देतात, ती पावती जपा. कागद पुरे व्हायला दुपार झाली. आम्हाला धास्ती होती की अंधार पडला तर काम उद्यावर जाईल. सोयी असलेल्या रुग्णालयांत २०२१ पासून सूर्यास्तानंतरही पीएम करायला परवानगी आहे, पण घातपाताचा संशय असलेली प्रकरणं साधारणपणे त्यातून वगळलेली आहेत. आमचं चारच्या सुमारास आटोपलं. सरकारी रुग्णालयात पीएमला पैसे लागत नाहीत. बाहेर "लवकर करून देतो" म्हणणारा एक जण घुटमळत होता, त्याला आम्ही हाकललं. खर्च झाला तो शववाहिकेचा, अडीच हजार.

मृत्यूच्या कारणासमोर डॉक्टरांनी काहीच ठरवून लिहिलं नाही. अभिप्राय राखून ठेवला होता, व्हिसेरा (पोटातले अवयव) आणि ऊतींच्या तपासणीचे अहवाल येईपर्यंत. आम्हाला वाटलं, काहीतरी काळंबेरं सापडलं असणार. तसं नसतं. शंका असली की असं लिहिणं ही नेहमीची पद्धत आहे.

घरी आणल्यावर आत्याने चेहऱ्यावरची चादर बाजूला केली आणि ती एकदम मागे सरली. "याचा रंग पाहा गं! मेलेलं माणूस असं दिसते का?" काका खरंच गुलाबी दिसत होते. गाल, कानाच्या पाळ्या, नखं. झोपेतून उठून उन्हात बसल्यासारखे. शेजारच्या कोणीतरी हळूच म्हटलं, विषाने असा रंग येतो. झालं. त्यात पुण्याच्या बहिणीने सांगितलं की सकाळी काकांच्या आधी तिने त्याच बाथरूममध्ये आंघोळ केली आणि नंतर तिला उलटी झाली, डोकं ठणकत होतं. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्रच घेतलं होतं, हे मग कोणी ऐकेना.

आता दहन करायचं की थांबायचं? दादाच्या मामांचं म्हणणं, थांबा. जमादारानेही साफ सांगितलं, "ताई, एकदा अग्नी दिला की परत पीएम होत नाही. विचार करून सांगा." दादाने पीएमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लागणारे नमुने सगळे ठेवले आहेत, रक्तसुद्धा वेगळं घेतलं आहे. पोलिसांची हरकत नव्हती. रात्री अंबाझरी घाटावर दहन झालं. मधल्या काकांनी खांदा द्यायला हात पुढे केला तेव्हा मामा आडवे आले. दादाने मामांना नुसतं, "राहू द्या, मामा," म्हटलं आणि मधले काका खांदा देऊन चालले. तिसऱ्या दिवशी अस्थी रामटेकला अंबाळ्यात सोडल्या.

इकडे फार्महाऊसवर माझा भाऊ थांबला होता. दादाने निघतानाच खोलीला कुलूप लावून किल्ली त्याच्याकडे दिली होती. दुपारी राखणदार फिनाईलची बादली घेऊन आला, मालकाने साफ करायला सांगितलं म्हणून. भावाने उघडू दिलं नाही. संध्याकाळी जमादार घटनास्थळ पंचनाम्याला आले. बाथरूम लहान, गॅसचा गिझर आतल्याच भिंतीवर, सिलिंडर बाहेर. वर वीतभर झरोका, त्यावर थर्माकोलची शीट स्क्रूने ठोकून वर रंग मारलेला. भावाने त्याचे फोटो काढले आणि जमादारांना विनंती केली की गिझर कुठे आहे आणि झरोका बंद आहे, हे दोन्ही पंचनाम्यात घ्या. त्यांनी घेतलं. तेव्हा त्यालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो इंजिनियर आहे, दिसेल ते मोजून ठेवायची त्याची सवय.

मृत्यूच्या दाखल्याचा घोळ मात्र अकारण झाला. शहरातल्या एका खिडकीवर सांगितलं, मृत्यू दवाखान्यात आणण्याआधीचा, तर नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीत सांगितलं, डॉक्टरने मृत घोषित केलं मेडिकलला, तर नोंद तिकडे. शेवटी मरणोत्तर पंचनाम्याची प्रत आणि पोलिसांचं पत्र दाखवल्यावर ग्रामसेवकांनी नोंद घेतली. नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की परवानगी, असं वाढत जातं. पुष्कळ जण व्हिसेराच्या अहवालासाठी दाखला अडवून बसतात, त्याची गरज नाही. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापून येतच नाही. बँक, पेन्शन, गॅसचं कार्ड, सगळीकडे मूळ प्रत मागतात, म्हणून जास्त प्रती घेऊन ठेवा.

१७ जानेवारीला तेरवी. पंगती उठल्या, बाहेरचे लोक गेले, आणि काकू मागच्या खोलीतून बाहेर आल्या. बारा दिवसांत त्या फारसं बोलल्या नव्हत्या. मधले काका पाटावर बसून पानाला चुना लावत होते.

"भाऊजी, एक विचारते. त्या रात्री दोन वाजता तुम्ही आमच्या खोलीत काहून आले होते?"

कोणी हललं नाही. मधले काका चुन्याचं बोट तसंच धरून बसले. मग म्हणाले, "मोठ्या दादाचा फोन माझ्या जाकिटात राहिला होता, वहिनी. शेकोटीपाशी दिला होता त्याने धरायला. उशाशी ठेवला अन् गेलो."

"मले उठवलं असतं."

"झोपल्या होत्या तुम्ही."

मामा ओरडले, "अन् पाहून घेतो म्हणे, ते काय होतं?" मग सगळेच बोलायला लागले. कोणी शेताचं काढलं, कोणी तीस वर्षांपूर्वीच्या आजीच्या दागिन्यांचं. आत्या मधल्या काकांच्या पाया पडायला गेली, खरं काय ते सांग म्हणून. त्यांनी तिला उठवलं, पान ताटात ठेवलं, चपला घातल्या आणि गेले. रात्रीच्या बसने अमरावती. त्यानंतर नागपुरात ते आले ते फक्त जबाबाला.

जबाबाचं सांगायचं तर, साक्षीदार म्हणून कुठल्याही बाईला आणि साठ वर्षांवरच्या पुरुषाला पोलीस ठाण्यात बोलावण्याची सक्ती नसते, जबाब घरी येऊन घेतात. काकूंचा आणि आत्याचा घरीच झाला. जमादार संगणकावर टाइप केलेला कागद घेऊन आले होते. त्यात "माझा कोणावरही संशय नाही" हे वाक्य आधीच होतं. काकू म्हणाल्या, "संशय आहे. पण मी पाहिलं काहीच नाही." त्यांनी दोन्ही वाक्यं घालून घेतली. मला तो जबाब आमच्या सगळ्यांत नेटका वाटतो. छापील वाक्य खोडायला लाजू नका, आणि आपल्याला वाटलेलं पाहिलेलं म्हणूनही सांगू नका. जमादार चिडले नाहीत. "बरं झालं ताई, नंतर कोर्टात लफडं नको," एवढंच म्हणाले.

मग सुरू झाली वाट पाहण्याची पाळी. व्हिसेराचा प्रवास असा. पीएमनंतर जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात, रक्त वेगळ्या बाटलीत, सगळं सीलबंद करून पोलिसांच्या ताब्यात देतात. पोलिसांनी ते पत्रासह नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जमा करायचं असतं. आम्ही भाबडेपणाने प्रयोगशाळेत चौकशी करायला गेलो. तिथे घरच्यांना काही सांगत नाहीत, अहवाल पोलिसांनाच जातो. म्हणून ठाण्यात एवढंच विचारा: नमुने कोणत्या तारखेला जमा झाले आणि पोच क्रमांक काय. आमचे जानेवारी संपता संपता जमा झाले. ऊतींचा, म्हणजे हृदय-फुप्फुसांचा अहवाल मेडिकल कॉलेजातून वेगळा येतो. तो मे महिन्यात आला: हृदयाच्या रक्तवाहिन्या थोड्या जाड झालेल्या, पण ताज्या झटक्याची खूण नाही. घरात पुन्हा कुजबुज, म्हणजे हार्ट अटॅक नाहीच तर!

त्या काळात काकू अंगणात बसून एकच प्रश्न विचारायच्या: फोन द्यायचा होता तर सकाळी का नाही दिला? दादा हैदराबादहून दर रविवारी ठाण्यात फोन करायचा, आवाज न चढवता. जमादार बदलून गेले, नवे आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. अशा वेळी फाईल आपल्याकडेही असावी. मर्गाची प्रत, दोन्ही पंचनामे, पीएम अहवाल, या प्रती अर्ज करून मिळतात. अर्जाने हललं नाही तिथे दादाने माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला आणि तीस दिवसांच्या आत उत्तर आलं.

सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, जुलैत आला. ठाण्यातून फोन आला तेव्हा मी आणि दादाच गेलो. पहिल्या पानावर: व्हिसेरात कोणतंही विष आढळलं नाही. दादाने दीर्घ श्वास घेतला. दुसऱ्या पानावर रक्ताचा नमुना: कार्बोक्सीहिमोग्लोबिन आढळलं.

नव्या जमादारांना वाटलं, विष नाही, म्हणजे मर्ग बंद. इथे बरीच प्रकरणं अर्धवट राहतात. सीए रिपोर्ट म्हणजे कारण नव्हे. पोलिसांनी तो रिपोर्ट, ऊतींचा अहवाल आणि घटनास्थळ पंचनामा जोडून पीएम करणाऱ्या डॉक्टरांना पत्र द्यायचं असतं आणि अंतिम अभिप्राय मागायचा असतो. ते पत्र निघाल्याशिवाय डॉक्टर आपणहून लिहीत नाहीत. आम्ही विनंती अर्ज दिला, पत्र गेलं, ऑगस्टमध्ये अभिप्राय आला. मृत्यू कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने, भुवईची जखम वरवरची, पडताना झालेली.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर जळत राहिला की हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्योत नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो. गॅस गळाला तर वास येतो, याला वासही नाही, रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो, तेच अहवालातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन. माणूस गुंगतो, हातपाय गळतात, दाराची कडी काढायचंही बळ राहत नाही. आणि रक्त लालबुंद होतं, म्हणून तो गुलाबी रंग. पीएमच्या टेबलावर त्यांना मृत्यूनंतर पाठीवर उमटणारे डाग जांभळ्याऐवजी लालसर दिसले, तेव्हाच शंका आली आणि त्यांनी रक्त वेगळं ठेवलं, वर पॅराफिनचा थर देऊन, म्हणजे वायू उडू नये. बहिणीची उलटी आणि डोकेदुखीही त्याचीच. ती लवकर बाहेर आली म्हणून वाचली. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा, नाहीतर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग आंघोळीला जा, असं ते प्रत्येकाला सांगतात म्हणे.

भावाचे झरोक्याचे फोटो तेव्हा कामाला आले. सप्टेंबरमध्ये मर्गावरून गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणाने मृत्यू. फार्महाऊसचा मालक जामिनावर आहे, आरोपपत्र व्हायचं आहे. विम्याची अपघाती रक्कम मिळायला अंतिम अभिप्राय लागला. ती दिवाळीनंतर काकूंच्या खात्यात आली.

अभिप्राय आला त्या संध्याकाळी काकूंनी मधल्या काकांना फोन लावला. मी शेजारीच होते. "भाऊजी, कागद आला," म्हणाल्या. त्यांना तो दादाने आधीच पाठवला होता. काकूंनी सांगितलं, चुकलं माझं. तिकडून बराच वेळ काही नाही, मग, "जेवल्या का, वहिनी?" बस, एवढंच बोलणं. मामांनी अजून फोन केलेला नाही. त्यांचं म्हणणं, विष नव्हतं तरी शेताचं होतंच ना.

सध्या वारस नोंदीचं चाललं आहे. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. सोबतच वाटणीच्या कागदावर तिन्ही घरांच्या सह्या लागतात. मधल्या काकांनी सही करून कागद स्पीड पोस्टाने पाठवला, मोठ्या काकांना हवी होती तशाच वाटणीवर. सोबत चिठ्ठी नव्हती. या जानेवारीत मेळावा नाही. वर्षश्राद्धाला ते येणार का, हे विचारायचं काम काकूंनी माझ्यावर टाकलं आहे, आणि मी अजून फोन लावलेला नाही.